बेसनाची भाकणूक

पिक्चरवाला दारात आला आणि हरणाबाईच्याच भाषेत बोलला, तरी तो कुठल्या मुलखाचा, हे तिला उमगेना.

जीन्स घातलेला, दाढी राखलेला पोरगा. हात जोडून म्हणाला, "राम राम आजी! म्या काय म्हनतुया, तुमचं धनी घरला हायती का जी?"

हरणाबाईनं हातातली परात खाली ठेवली. पासष्टी ओलांडली होती. मेंढरांमागं ती माणच्या माळापासून घाटाच्या कडेपर्यंत सगळा मुलूख पायानं फिरली होती. पण असं बोलणारा माणूस तिला एकाही वाटेवर भेटला नव्हता.

"कुठला रं तू?"

"म्या बी हितलाच की आजी. साताऱ्याचा. ऋषिराज."

"सातारा काय आमच्या गोठ्यामागं हाय व्हय? आन् साताऱ्यात असं बोलत्यात?"

पोरगा लाजला. "नाही, घरी आम्ही साधंच बोलतो. पण सिनेमा गावाकडचा आहे ना, म्हणून सवय करतोय."

"मग घरचंच बोल. आमास्नी कळतं."

पिक्चर या प्रकाराबद्दल तिचं मत तरुणपणीच पक्कं झालं होतं. जत्रेत तंबू लागायचा, तेव्हा तिनं दोन-चार पिक्चर बघितले होते. त्यातली खेड्यातली बाई कमरेवर घागर घेऊन डुलत यायची आणि गाणं म्हणायची. हरणाबाई शेजारणीच्या कानात सांगायची, "रिकामी हाय गं घागर." भरल्या घागरीची बाई बोलत नाही, गाणं तर लांबच राहिलं, तिचा सगळा जीव कमरेत असतो. आता घरात टीव्ही होता, सुनेच्या हातात फोन होता, आणि दोन्हींत त्याच बायका त्याच घागरी घेऊन चालत होत्या. चाळीस वर्षांत एकीचीही घागर भरली नव्हती.

ऋषिराजला दुष्काळाचा पिक्चर काढायचा होता. त्यासाठी त्यानं कवठे महांकाळच्या पलीकडचं हे गाव निवडलं होतं, कारण कुठल्याशा जुन्या पुस्तकात या गावाचा दुष्काळ त्यानं वाचला होता. पुस्तक जुनं होतं. मधल्या काळात कालव्याचं पाणी आलं, माळ फोडले गेले, आणि जिथं कुसळं उडायची तिथं द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. दुष्काळ बघायला आलेला माणूस हिरवं गाव बघून असा खट्टू झाला, जणू गावानं त्याला फसवलं होतं.

"आजी, इथं थोडं वाळलेलं काही नाही का?"

"मी हाय की," हरणाबाई म्हणाली.

पोरगा हसला. ती हसली नाही.

वाळलेलं खरं तर एकच उरलं होतं: गावाच्या वरच्या अंगाचा तिचा माळ. त्यावर तिची चाळीस मेंढरं चरत. गावात आधी घरटी कळप होता. आता हा एकच. आणि तोही सुटायची वेळ आली होती, कारण तिच्या लेकाला, आकारामला, त्या माळावरही बाग लावायची होती.

आकाराम वाईट पोरगा नव्हता. फक्त त्याची मान खाली गेली होती. सकाळी उठला की तो फोनमध्ये हवामान बघायचा. फोनमध्ये ढगाचं चित्र, चित्राखाली तीन थेंब. हरणाबाई म्हणायची, "दारात जाऊन वर बघितलं तर मान मोडती का रं?" तो म्हणायचा, "आये, वरचं आजचं कळतं. ह्यात धा दिवसांचं कळतं." आणि द्राक्षाचा फुलोरा असला की तेच फोनवालं पोर दिवसातून तीनदा बिरोबाला हात जोडून यायचं. सगळे बागवाले तसेच. एक अवकाळी सर आली की वर्षाचा घास गेला. म्हणून ते फोनलाही भीत, देवालाही भीत, आणि दोघांचं जमलं नाही की घरातल्या बायकांवर ओरडत.

मायलेकांचं भांडण फाल्गुनात पेटलं होतं. शेवटी नानासो, म्हणजे हरणाबाईचा नवरा, मध्ये पडला. म्हणाला, "चैतातल्या भाकणुकीवर ठरवू. पाऊस चांगला निघाला तर कालवा वाहील, बाग जगंल. मेंढरं इकायची, माळ मोडायचा. दुष्काळ निघाला तर बागंचं खूळ सोडायचं. बागंला चालता येत न्हाई, मेंढराला येतं."

दोघांनी मान्य केलं. भाकणूक नानासोच सांगायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. बिरोबाच्या जत्रेत घोंगडं पांघरून, कपाळाला हळदीचा भंडारा लावून तो देवापुढं उभा राहायचा आणि वर्षाचं पाऊसपाणी सांगायचा. भंडारा लावला की शब्द त्याचा नसायचा, देवाचा असायचा. एकदाच बोलायचं. ऐकू आलं नाही तरी पुन्हा विचारायचं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी हरणाबाईनं नवऱ्याच्या भाकरीवर तूप जरा जास्त घातलं. एवढंच. एक शब्द कानात टाकता आला असता. टाकला नाही. आणि दुसऱ्या दिवशी नानासोच्या तोंडून निघालं, "रोहिणी हुलकावनी दील, मिरगाचा पेरा हुईल, उत्तरा-हत्तीचं धान दोन्ही हातांनी भरा." गावानं चांगभलं केलं. हरणाबाईनंही केलं. मिरगाच्या आधी व्यापारी येणार, असं ठरलं.

हे सगळं असं ठरलेलं असताना वैशाखात ऋषिराज आला. आणि त्याला हवी होती दुष्काळाची भाकणूक.

"न्हाई," हरणाबाई नवऱ्याला म्हणाली. "देवाचं बोलनं काय खेळ हाय?"

"आगं, पिक्चर हाय," नानासो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत एक चमक होती, जी तिनं लग्नात पाहिली होती आणि त्यानंतर क्वचितच. "मला म्हनाला, आजोबा, तुमचा चेहरा म्हंजी दगडात कोरल्यावानी हाय."

"दगडात कोरलेलं बोलत न्हाई. तेवढं शिका त्याच्याकडनं."

पण नानासो आधीच आरशात मिशा बघत होता. ती जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या सुरात नुसतीच पुटपुटली,

*जिभंवर साखर गं, पायाखाली काट,*
*गोड बोलनाऱ्याची चुकलेली वाट.*

मग चार दिवस गावात दुष्काळ पडला. ट्रॉली भरून बाभळीच्या फांद्या आल्या आणि हिरवळीवर पसरल्या गेल्या. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या. बागा दिसू नयेत म्हणून कॅमेरा सारखा एकाच बाजूला वळवत होते. मुंबईहून आलेल्या नटीला फाटकं लुगडं नेसवलं, आणि ते फाटकं दिसावं म्हणून एक बाई कात्री घेऊन तासभर बसली होती. नव्या लुगड्याला कात्री लावणारं माणूस हरणाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ज्या सालात खरोखर लुगडं फाटलं होतं, त्या सालात तिनं ते असं शिवलं होतं की शेजारणीलाही दिसू नये. दुष्काळात माणूस फाटकं दाखवत नाही. तेवढंच झाकायचं हातात असतं. पण हे कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर ऋषिराजनं वहीत लिहून घेतलं असतं.

भाकणुकीच्या दिवशी तो पहाटेच आला. "आजी, भंडारा भरपूर लागेल हां. उधळायचाय. पुन्हा पुन्हा."

"पुन्हा पुन्हा?"

"म्हणजे, टेक घ्यावे लागतात ना."

हरणाबाईनं देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याच्या पिशवीकडं पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. सुनेनं, सोनियानं, भज्यांसाठी आणलेलं बेसन डब्यात होतं. तिनं ते परातीत ओतलं, चिमूटभर हळद टाकली, हातानं सारखं केलं आणि डबा भरून ऋषिराजच्या हातात दिला. देवाचा भंडारा असल्या कामाला उधळायला ती काही खुळी नव्हती. नवऱ्याच्या कपाळालाही तिनं त्यातलंच बोट ओढलं. नानासोला कळलं नाही. त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडं होतं.

पहिल्या खेपेला तो ऋषिराजनं लिहून दिलेलं बोलला. "माणूस माणसाला ओळखणार नाही, आई लेकराला ओळखणार नाही." गुळगुळीत. दुसऱ्या खेपेला ऊन चुकलं. तिसऱ्याला कुणाचा तरी फोन वाजला. चौथ्याला कोंबडी मध्ये आली. सहा खेपा झाल्या. बेसन गावाच्या डोक्यावर, खांद्यावर, पापण्यांवर बसलं होतं. सातव्या खेपेला नानासोनं डोळे मिटले. त्याचं अंग थरथरायला लागलं. लिहून दिलेलं सगळं त्यानं सोडलं आणि तो स्वतःच्या बोलीत बोलला, "मिरूग कोरडा जाईल. आडदरा कोरडा जाईल. हत्ती येईल, सोंड हालवंल, न् माघारी जाईल. चालनारा जगंल, बसनारा बसंल."

ऋषिराज टाळ्या वाजवत ओरडला, "कट! कमाल!" गावातलं मात्र कुणी टाळी वाजवली नाही. म्हाताऱ्यांनी हात जोडले होते.

सोनियानं ते फोनवर घेतलं होतं. दुपारी गावाच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, आमचे मामंजी. पुढं तीन हसरी तोंडं. पिक्चरवाले फांद्या तिथंच टाकून निघून गेले, आणि त्यांचा दुष्काळ गावात राहिला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर सभा भरली. कुणी बोलावली नव्हती. गावाला काळजी लागली की कट्टा आपोआप भरतो. हरणाबाई मेंढरं घेऊन खालून चालली होती, ती थांबली.

"आरं पर ती पिक्चरची भाकणूक हुती," आकाराम म्हणत होता. "चैतातली खरी."

तात्याबा पंचांतला सगळ्यांत वडील. त्यानं तंबाखू मळत मळत विचारलं, "बिरोबाला काय ठावं रं, पिक्चर म्हंजी काय?"

त्यानं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

"देऊळ तेच," तात्याबा म्हणाला. "घोंगडं तेच. मानूस त्यो. भंडारा कपाळाला. देवानं काय बघायचं? बाजूला मशीन लावलंय का न्हाई, ते?"

"आन् अंगात आल्तं," दुसरा कुणी म्हणाला. "सा येळा न्हाई आलं. सातव्यांदा आलं. लिवलेलं टाकून बोलला गडी."

"पर तात्याबा, चैतातबी देवच बोलला न्हवं? मग खरं कंचं?"

"शेवटला सबुद खरा," तात्याबानं निकाल दिला. "मानसाचंबी शेवटलंच मृत्युपत्र चालतं. देवाचं न्हाई चालायचं व्हय?"

यावर वकिलानंही मान डोलावली असती. आकारामनं खिशातून फोन काढला. हवामान बघितलं असावं, कारण त्याचा चेहरा आणखी पडला. फोनमध्ये त्या दिवशी ढगच नव्हता. मग त्यानं तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. "सध्या ऱ्हाऊ द्या. मेंढरं इकत न्हाई."

हरणाबाई रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मेंढरं तिच्या भोवती गोळा झाली आणि तिच्या पदराला तोंडं लावायला लागली. गाव दुष्काळानं घाबरलं होतं, आणि तिच्या मनात मात्र चांगभलं चाललं होतं.

बेसनाचं फक्त तिला माहीत होतं. एक शब्द बोलली की भाकणूक खोटी. भंडारा नाही तर देव नाही, देव नाही तर दुष्काळ नाही. हे गावाच्याच कायद्यानं. आणि दुष्काळ नाही तर मेंढरं नाहीत. तिला कुठं खोटं बोलायचं होतं? फक्त बोलायचं नव्हतं. न बोलण्याला कोण खोटं म्हणतं?

आठवडाभर ती बोलली नाही. तिची सोबत गावाला सोसत नसे ती जिभेमुळं, आणि आता ती अशी गोड झाली की सोनियानं विचारलं, "आत्ती, तुमास्नी बरं न्हाई का?"

गावात मात्र दुष्काळाची तयारी जोरात होती. जो तो दुसऱ्याआधी घाबरायची घाई करत होता. बाजरीचं बी दुकानात परत गेलं. कडब्याच्या गंजीवर लोक राखणीला झोपायला लागले. जे कधी विहिरीत डोकावत नसत ते दिवसातून दोनदा डोकावून सुस्कारे टाकत, आणि पाणी तर तेवढंच होतं. बाहेर वळवाच्या ढगांनी आभाळ भरून येत होतं, गरम वारा सुटत होता, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढत होत्या. ते सगळं हरणाबाईला दिसत होतं. गावाला दिसत नव्हतं. गाव फोनमधली नानासोची भाकणूक पुन्हा पुन्हा लावून ऐकत होतं. ज्या देवाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही असा नेम, त्याला आता कुणीही अंगठ्यानं दाबून बोलायला लावत होतं.

नानासो पारावर बसायचा तेव्हा लोक उठून जागा द्यायचे. तोही हळूहळू बोलायला लागला होता, शब्दाशब्दामध्ये थांबत. घरातही. "हरणे... चहा... ठेव." हरणाबाईला वाटायचं, डोक्यावर डबा ओतावा. पण मेंढरं दारात रवंथ करत होती.

मग शुक्रवारी माया आली.

माया शेजारची. नवरा फौजेत, तिकडं बर्फात. ही एकटी दीड एकर आणि एक म्हैस सांभाळायची. लग्न होऊन आली तेव्हा धार काढायला हरणाबाईनंच शिकवलं होतं. उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "आत्ती, म्हस इकतोय मंगळवारी."

"का गं? दूध देती की."

"चारा कुठनं आनू दुष्काळात? ह्यांनी फोनवर सांगितलं, इकून टाक. बाजारात आत्ताच लोक पाडून मागाय लागल्यात. सगळंच इकाय निघाल्यात न्हवं." ती थोडा वेळ नखानं उंबरा कोरत राहिली. मग तिनं वर पाहिलं. "आत्ती, तुमी घरात हायसा म्हनून इचारतो. मामा खरंच देवाचं बोललं का?"

घरात कुणी नव्हतं. विचारलं होतं सरळ. उत्तरही दोन अक्षरांचं होतं.

हरणाबाईनं वर छपराकडं पाहिलं, हात जोडले, आणि म्हणाली, "त्या देवालाच ठावं गं बाई!"

माया उठून गेली. हरणाबाई तशीच उभी राहिली, हात जोडलेले. आणि तिला एकदम दिसलं, की हे तिनं कुठं पाहिलं होतं. छपराकडं डोळे, जोडलेले हात, जरासा कापरा आवाज. तंबूतली ती बाई असंच बोलायची. कमरेवर रिकामी घागर घेऊन.

"थू," ती स्वतःला म्हणाली. मोठ्यानं. मेंढरांनी कान टवकारले.

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. शेजारच्या गोठ्यातून म्हशीचा आवाज यायचा. माया तिला धुवायची, शिंगांना तेल लावायची. बाजारात नीट दिसावी म्हणून. आणि धुताना गप्प असायची. ती बडबडी पोर गप्प म्हैस धूत होती, हे हरणाबाईला मेंढरांपेक्षा जड झालं. शनिवारी ती मेंढरांत जाऊन बसली आणि एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्यांना काही सांगितलं नाही. त्यांच्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती आणि खरं सांगायची ती वेळ नव्हती.

रविवार बिरोबाचा वार. सकाळी आरतीला गाव जमलं होतं. नानासो पुढं उभा होता, घोंगडं घेऊन. हल्ली तो रोजच घ्यायचा, मे महिन्यात. आरती झाली. हरणाबाई बायकांतून पुढं आली.

"मला बोलायचं हाय."

"बोल की," तात्याबा म्हणाला. "तुला कवापास्नं इचारायला लागलं?"

"पिक्चरच्या दिवशी ह्यांच्या कपाळाला भंडारा नव्हता. बेसन हुतं."

कुणालाच कळलं नाही. तात्याबानं कानामागं हात लावला. "काय हुतं?"

"बेसन. भज्याचं. चिमूटभर हळद घातली हुती. मी कालवलं, मी डब्यात भरलं, मी कपाळाला लावलं. तवा देव-बीव कोन न्हाई बोलला. चैतातली भाकणूक खरी. पेरा गप."

तात्याबाचा आवाज चढला. "हरणाबाय! देवाला पीठ लावलंस?"

"देवाला कशाला लावू? पिक्चरला लावलं. देवाचा भंडारा तसाच्या तसा हाय घरात. तुमी मंडळींनी डोक्यावर घेऊन नाचलासा ते भज्याचं पीठ हुतं."

"पर ह्याच्या अंगात आल्तं! आमी डोळ्यानं बघितलं!"

"सातव्यांदा," हरणाबाई म्हणाली. "पयल्या सा येळंला देव काय चहा प्यायला गेल्ता?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याबरोबर हरणाबाईची नजर नवऱ्यावर गेली, आणि तिला वाटलं, जीभ तेवढी आवरायला हवी होती. नानासो घोंगडं काढत होता. हळूहळू. त्यानं ते घडी घातलं, काखेत धरलं आणि तो कुणाकडं न बघता पायऱ्या उतरून गेला. त्याला खरंच वाटलं होतं. कॅमेऱ्यासमोर थरथरताना त्याला खरंच वाटलं होतं की आला.

पंचांनी तिला शिक्षा केली: वर्षभर दर रविवारी देऊळ झाडायचं. ती म्हणाली, "झाडते. पयलं ते बेसनच निघंल कोपऱ्याकोपऱ्यातनं." गावाचं तर काय, दुपारपर्यंत सगळ्यांना आधीपासूनच शंका होती. तात्याबा सांगत होता की त्याला त्या दिवशी भज्यांचा वास आलाच होता. बाजरीचं बी दुकानातून पुन्हा घरी आलं.

संध्याकाळी माया आली. हरणाबाईला वाटलं, पोरगी पाया पडेल. माया उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"म्हस ठेवली," ती म्हणाली. "पर आत्ती, मी शुक्रवारी इचारलं हुतं तुमास्नी."

"व्हय गं."

"तवा ठावं हुतं तुमास्नी."

"हुतं."

माया वळून गेली. या तिखट जिभेच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं गप्प केलं होतं, आणि तिला ते पटलं.

आकाराम रात्री जेवताना खाली मान घालून म्हणाला, "आये, मग व्यापाऱ्याला बोलवू?"

"ठरलं हुतं तसं कर."

"तू बोलली नसतीस तर..."

"जेव गप."

व्यापारी बुधवारी टेम्पो घेऊन आला. दोन माणसं बरोबर. टेम्पोला फळी लावली, पण मेंढरं फळीजवळ येईनात. मेंढरू ओढून येत नाही, हाकेनं येतं. व्यापाऱ्यानं तोंडानं बरेच आवाज केले. आकारामनं केले. लहानपणी तो हेच आवाज काढून कळप ओढ्यावर न्यायचा, पण आता त्याच्या आवाजाला मेंढरांनी कानही हलवला नाही.

"आजी, तुमी हाक मारा की जरा," व्यापारी म्हणाला. "तुमच्यामागं बिनबोभाट येतील. आमचा येळ वाचंल, त्यांचे हाल वाचतील."

"मेंढरं इकल्यात," हरणाबाई म्हणाली. "हाक इकली न्हाई."

"हाल हुतील वो."

"तुमी करनार, तुमी सांभाळा. माझी हाक ऐकून ती आजवर पान्यावर आल्यात, चाऱ्यावर आल्यात. ह्या फळीवर न्हाई यायची माझ्या हाकंनं."

व्यापारी नानासोकडं वळला. नानासो त्या रविवारपासून बायकोशी बोलला नव्हता. भिंतीला टेकून बसला होता. कळप त्याचाही होता. त्याच्या एका शिट्टीवर चाळीस माना वळल्या असत्या.

"आजोबा, तुमी तरी."

"माझ्या तोंडाचा काय भरवसा," नानासो म्हणाला. "मी बेसनावर बोलनारा मानूस. मेंढरंबी हसतील."

आणि तो भिंतीकडं तोंड करून बसला. हरणाबाईनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला दिलेली ही सगळ्यांत चांगली वस्तू होती, आणि द्यायची तऱ्हा नेहमीसारखी, पाठ करून.

मग उचलून भरली. एकेक, पाय धरून. दोन तास लागले. व्यापाऱ्याच्या माणसांचे सदरे भिजले, आकारामच्या तोंडाला माती लागली, आणि हरणाबाई उन्हात उभी राहून सगळं बघत होती. आत जा म्हटलं तरी गेली नाही. शेवटी एक मेंढी उरली. व्यापाऱ्यानं तिचा जबडा उघडून पाहिला आणि सोडून दिला.

"हिला दात न्हाईत. हिला कोन घेनार?"

"दात माझंबी गेल्यात," हरणाबाई म्हणाली. "जाऊ द्या टेम्पो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोजच्या वेळेला, तिनं काठी घेतली, भाकरी बांधली आणि ती एक मेंढी घेऊन निघाली. सोनिया म्हणाली, "आत्ती, एकीला दारातच पाला टाकू की." हरणाबाईनं ऐकलं नाही. माळ अजून मोडला नव्हता. कोपऱ्यावर आली तर मागून चपला वाजल्या. नानासो. घोंगडं नव्हतं, नुसती काठी. तो मेंढीच्या दुसऱ्या अंगाला येऊन चालायला लागला.

कट्ट्यावर तात्याबा आणि पंच मंडळी बसलेली. तात्याबाला ही संधी सोडवेना.

"काय गं हरणाबाय! एका मेंढीला दोन राखनदार?"

हरणाबाईनं पाऊल थांबवलं नाही.

"एका देवाला पाच पंच लागत्यात की वो तात्याबा. तवा आमी कवा इचारलं?"

कट्ट्यावर कुणीतरी हसलं. नानासोच्या मिशीखाली काहीतरी हललं. मेंढीनं वाटेतला पाला हुंगला आणि सोडून दिला. तिघं वरच्या माळाकडं चालत राहिली.